आक्कांची घावनं

श्यामलाने पळी तव्याच्या कडेने गोल फिरवली. पीठ मधोमध येऊन मिळायच्या आत तवा फुत्कारला, जाळी पडली, पण कड सुटेना. तिने उलथन्याचं टोक खाली सरकवलं तसं घावन मधोमध फाटलं. अर्धं हाताशी आलं, अर्धं तव्यालाच धरून राहिलं.

बाहेर सोप्यात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका बसल्या होत्या. तिच्या सासूबाई, आक्का, झोपाळ्याशेजारच्या पाटावर, स्वयंपाकघराकडे पाठ करून.

"मोडलं का गं?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"हो, आक्का. तवा अजून नीट तापला नाही. शिवाय रेशनचा तांदूळ..."

"पहिलं मोडतंच हिचं," आक्का बायकांना म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. शेजारच्या वकीलीणबाईंनी कैरीच्या डाळीची वाटी खाली ठेवली आणि उगाच पदर सारखा केला. गेल्या श्रावणात, चौथ्या महिन्यात, श्यामलाच्या पोटातलं गेलं होतं. सोप्यातल्या प्रत्येकीला ते ठाऊक होतं. त्यातल्या दोघी तेव्हा बसायलाही येऊन गेल्या होत्या.

श्यामलाने तवा खरवडला. नारळाच्या सोडणाची कुंची तेलात बुडवून तव्यावर फिरवली, जाळ थोडा मागे ओढला आणि दुसरं घातलं. ते अख्खं उतरलं. तिसरंही. इतकं पातळ की खालच्या पितळी ताटलीवरची नक्षी त्यातून दिसावी. तिने दोन्हींच्या चौपदरी घड्या घातल्या, वाटीत नारळाचं दूध आणि गूळ कालवला, वेलदोडा चुरून टाकला आणि ताटली आक्कांसमोर नेऊन ठेवली.

"नुसत्या तांदळाचं हे?" एका बाईंनी विचारलं. "आणि वाटीत दूध दिसतंय की."

"नारळाचं. मला कुठलं आलंय गाई-म्हशीचं," आक्का म्हणाल्या. मग त्यांनी मान वळवून दारात उभ्या असलेल्या श्यामलाकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. रागावलेल्या माणसाला निदान उत्तर तरी देता येतं. आक्का वाट पाहत असल्यासारख्या पाहत. मग बाकीच्या बायकाही तिकडेच पाहू लागत, तिच्या तोंडाकडे नव्हे, जरा खाली.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्या वर्षीच्या नवरात्रात, म्हणजे श्यामलाचं ते पहिलं गेलं त्यानंतर थोड्याच दिवसांनी, आक्कांनी अंबाबाईच्या गाभाऱ्यासमोर व्रत घेतलं होतं. अष्टमीची गर्दी. पुढच्या-मागच्या बायकांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "नातवाचं तोंड बघेपर्यंत दूधदुभतं वर्ज्य." दूध, दही, ताक, लोणी, तूप, सगळं.

कोल्हापुरात दूध सोडणं म्हणजे थट्टा नव्हती. पहाटे जोतीराम गवळी म्हैस घेऊन दारात येई आणि डोळ्यांसमोर धार काढून देई. गल्लीच्या टोकाला तालमीतून उठलेले पैलवान फेसाळ दुधाचे पेले तोंडाला लावून उभे असत. आणि आक्का तर दुधावरच वाढलेल्या. साईशिवाय त्यांनी भाकरी खाल्ली नव्हती. म्हैस व्याली की जोतीराम पहिला चीक त्यांच्यासाठी राखून ठेवी.

पहिल्यांदा श्यामलाला वाटलं, ही माया आहे. आपल्यासाठी कोणी एवढं सोडतं, या विचाराने ती त्या रात्री रडलीसुद्धा होती. सणाला पंगत बसली आणि तुपाची वाटी फिरत आली, की आक्का पानावर हात पालथा धरत. वाढणारी थांबे. पंगत थांबे. कोणीतरी नवखा पाहुणा कारण विचारी आणि आक्का ते सांगत, सुनेचं नाव न घेता. मग श्यामलाला वरण वाढायला पुढे जावं लागे.

आक्का लबाडी करत नव्हत्या. श्यामलाने पुष्कळ दिवस लक्ष ठेवलं होतं. दुधाच्या पातेल्यावरची साय कधी मोडलेली सापडली नाही. लोणी कढवायला घेतलं की आक्का उठून मागच्या अंगणात जाऊन बसत आणि घरातला वास विरेपर्यंत परत येत नसत. त्या पहिल्या वर्षी श्यामलाला त्यांची कीव येई. कीव येई म्हणूनच तिने घावनं करायला घेतली.

ती सावंतवाडीची. आई तिच्या लग्नाआधीच गेलेली, माहेरी आता कोणी नव्हतं. आईच्या हातची घावनं मात्र तिच्या बोटांत होती. तांदूळ भिजवून पाट्यावर गंधासारखं वाटायचं, मीठ घालायचं, पाणी इतकं की पळीतून धार पडावी. अंडं नको, दूध नको, तूप नको. कोकणातून घाटावर येणाऱ्या मालमोटारींतून बाजारात नारळ उतरत, त्यांतले ती निवडून आणी. खवून, वाटून, पिळून दाट दूध वेगळं काढी. त्यात तिने आक्कांसाठी खीर केली, कढी केली, चहात घालून पाहिलं. चहात ते फुटलं. बाकी सगळं जमलं. म्हणजे व्रत सोपं करून ठेवलं ते श्यामलानेच. तिच्या हे ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. आक्का सहासहा घावनं खात. चांगली झालीत असं कधी म्हणत नसत. "चालेल," म्हणत.

नवऱ्याजवळ तिने एकदाच विषय काढला होता. माधव हायस्कुलात गणित शिकवी. वह्या तपासता तपासता तो म्हणाला, "तिनं स्वतःचं खाणं सोडलंय. तुझ्या ताटातलं काय काढून घेतलंय?"

श्यामला आपल्या वाटणीचं दूध प्यायला बसली की आक्का काही बोलत नसत. फक्त समोर येऊन बसत. पेला अर्ध्यावर आला की श्यामलाच्या घशाखाली उतरत नसे.

पुढच्या वर्षी श्यामला बाळंत झाली. घरातच, माजघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत. माधवची थोरली बहीण ताई मिरजेहून मदतीला आली होती. धोंडुबाई सुईण हात पुसत बाहेर गेली. तिथलं बोलणं श्यामलाला आतून ऐकू आलं.

"लक्षुमी आली, आक्कासाब. नाकीडोळी झ्याक हाय पोरगी."

"बरं," आक्का म्हणाल्या. "ताई, चहा टाकते आहेस ना? माझा कोराच ठेव."

मुलीला अजून आंघोळसुद्धा घातलेली नव्हती.

मुलीचं नाव सरोजिनी ठेवलं. घरात सरू. आक्कांनी तिचा राग केला असता तर श्यामलाला ते समजलं असतं. पण आक्का तिला मांडीवर घेत, तिचे केस विंचरत, देवळात नेत. दुपारी आजी आणि नात मागच्या अंगणात पारिजातकाखाली बसून हळू आवाजात काहीतरी बोलत असत. श्यामला आतून पाही आणि तिला हायसं वाटे. आपल्या वाट्याला जे आलं ते निदान पोरीच्या वाट्याला नाही, असं ती मनाशी म्हणे. घावनं आता दोघींसाठी व्हायची. सरू घावनाच्या जाळीला एक डोळा लावून आजीकडे बघायची.

मधे दोनदा दिवस राहिले आणि गेले. आक्कांनी त्यावर अवाक्षर काढलं नाही. जोतीराम मात्र दारात धार काढता काढता विचारी, "वयनी, आक्कासाब आजून दूध घेत न्हाईत व्हय? लई दिस झालं की. आता म्हशीलाबी वाईट वाटाय लागलंय." तो भला माणूस होता. त्याला वाटे, आपण गंमत केली.

सरू पाच वर्षांची झाली त्या हिवाळ्यात श्यामलाला पुन्हा दिवस गेले आणि या खेपेला टिकले. माघात पाचवा लागला. आणि त्याच महिन्यात आक्कांना उलटी झाली. काळपट, रक्ताची.

डॉक्टर आले. त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. "पोटात व्रण आहे," ते म्हणाले. "बरेच दिवसांचा असणार. कोरा चहा किती घेतात? बंद. तिखट बंद. नारळ बंद, फार जड. दर दोन तासांनी दूध द्या. गार, गाळून. याला दूध हेच औषध, मी लिहून देतोय ते सगळं त्याच्या मागून."

"ती दूध घेत नाही," माधव म्हणाला.

"का?"

माधवने सांगितलं. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "मग मला कशाला बोलावलंत?" एवढंच म्हणून ते जोडे घालू लागले.

माधव घाबरला. तो तसाच गुरुजींकडे गेला. गुरुजींनी फारसा विचारही केला नाही. आजाऱ्याला शास्त्रात सूट आहे, ते म्हणाले. देवीची ओटी भरायची आणि व्रत घेणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने 'सोडलं' म्हणायचं. झालं.

हे माधवने घरी येऊन सांगितलं तेव्हा सकाळची वेळ होती. आक्कांच्या खाटेजवळ तेव्हा कोणी नव्हतं. श्यामलाने त्यांना तेव्हाच विचारलं असतं तर चाललं असतं. तिने कुंकवाची कोयरी पुसली, ओटीचे तांदूळ निवडले, खण काढून ठेवला. आणि विचारलं नाही.

दुपारी बायका समाचाराला आल्या. वकीलीणबाई होत्या, पलीकडच्या वाड्यातल्या दोघी-तिघी होत्या, मिरजेहून ताई आली होती. श्यामलाने सगळ्यांना चहा दिला. मग ती डोक्यावरून पदर घेऊन खाटेशी बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आक्का, गुरुजी म्हणतात व्रत सोडता येतं. तुमच्या मनात आहे का सोडायचं? सगळ्यांसमोर काय ते सांगा. उद्या मला कोणी बोल लावायला नको."

आक्कांचे ओठ सुकून पांढरे झाले होते. त्यांनी श्यामलाकडे पाहिलं. मग बायकांकडे.

"आई, सोड गं," ताई म्हणाली. "देवी काही रागावत नाही."

"खरंच सोडा," वकीलीणबाई म्हणाल्या. पण त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या थांबल्या नाहीत. "एवढी वर्षं काढलीत. आमच्या घरात सुनांना मी तुमचा दाखला देते हो. असं एकीला तरी जमेल का म्हणते."

श्यामलाने आपला हात उचलून पोटावर ठेवला. अगदी सहज, बसलेल्या बाईने ठेवावा तसा. तो हात सगळ्यांना दिसला. आक्कांनाही दिसला.

"आता काय, थोडेच महिने राहिलेत," ती हळूच म्हणाली.

आक्कांचं नरडं दोनदा वरखाली झालं.

"नको," त्या म्हणाल्या. "नाही सोडत."

वकीलीणबाईंनी पदराने डोळे टिपले. श्यामलाने खाली वाकून आक्कांच्या अंगावरची शाल नीट केली.

ताईला घर होतं, मुलांच्या परीक्षा होत्या. ती दुसऱ्या दिवशी रडत रडत मिरजेला गेली. त्या दुपारी घरात कोणी नसताना आक्कांनी श्यामलाचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला आपण होऊन हात लावल्याचं तिला आठवत नव्हतं.

"श्यामले, वाटीभर दे. पाणी घातलेलं चालेल. आत आग पडली आहे गं. कोणाला कळायचं नाही."

श्यामला त्या हाताकडे पाहत राहिली. नखं निळसर झाली होती. या घरात आल्यापासून आक्कांनी तिच्याकडे काही मागितलं असं हे पहिल्यांदाच होत होतं. तिला वाटलं होतं, असा दिवस आला तर आपल्याला रडू येईल.

"देवीला कळेल की, आक्का," ती म्हणाली.

तिने मनगट सोडवून घेतलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. तांदळाचं पीठ सकाळीच वाटलेलं होतं. तिने तवा ठेवला, कुंची फिरवली आणि जाळ बघत एकेक घावन घातलं. शेजारच्या चुलीवर दूध तापत होतं. त्याचा वास घरभर जात होता. आता आक्कांना उठून अंगणात जाता येत नव्हतं. तिने घावनं कोमट पाण्यात बुडवून मऊ केली आणि चमच्याने आक्कांना भरवली. दोन घास गेले. तिसरा बाहेर आला. तिने तो पुसला.

रात्रीच्या जेवणाला बसताना माधव म्हणाला, "काही म्हणाली का? मी चमच्यानं थोडं देऊन बघू का, झोपेत असताना?"

"तुमच्या हातानं व्रत मोडायचं?" श्यामला म्हणाली. "आणि मग माझं काही बरंवाईट झालं तर?"

माधवने भात कालवला. नंतर त्याने तो विषय काढला नाही. त्याने इतक्या वर्षांत आईजवळ बायकोची बाजू घेतली नव्हती. आता बायकोजवळ आईची घेतली नाही.

असेच काही दिवस गेले. बायका येत, खाटेला हात लावून तो कपाळाला लावत. श्यामला त्यांना आक्कांनी आज काय खाल्लं ते सांगे. "दोन घावनं, पाण्यातली," ती म्हणे आणि बायका माना हलवत. आक्का आता फारसं बोलत नव्हत्या. श्यामला खोलीत आली की मात्र त्यांचे डोळे तिच्यामागे फिरत. ते डोळे पाठीवर घेऊन ती केर काढी, पांघरूण बदले, दिवा लावी. पाठीवरच्या त्या डोळ्यांनी तिला आत कुठेतरी बरं वाटत होतं. हे तिला कळत होतं, आणि कळूनही ती खोलीत पुन्हा पुन्हा जात होती.

एका सकाळी ती चुलीशी होती. सरू आपला दुधाचा पेला घेऊन आजीच्या खाटेवर जाऊन बसली होती. दोघींचे आवाज भिंतीपलीकडून येत होते.

"सरू, इकडं कर गं जरा." आक्कांचा आवाज कागद चुरगळल्यासारखा. "एकच घोट."

"नाही, आजी."

"कोणी बघत नाही बाळ."

"पण तू प्यालीस तर आईला परत मुलगीच होईल ना." सरू समजावून सांगत होती. लहान मुलाला सांगावं तसं, न चिडता. "तूच म्हणाली होतीस अंगणात. मी मुलगा झाले असते तर तुला दूध मिळालं असतं. मी मुलगी झाले म्हणून तुला नाही मिळालं. मला तेव्हा माहीत नव्हतं, आजी. आता थोडेच महिने. आई म्हणाली ना सगळ्यांना?"

तव्यावरचं घावन तपकिरी झालं, मग काळं. श्यामला पळी हातात धरून तशीच उभी होती. धूर डोळ्यांत गेला तेव्हा तिने तवा खाली उतरवला.

तिने वाटी घेतली. पातेल्यातलं दूध गाळून घेतलं, गार पाण्यात वाटी धरून निववलं. ते निवेपर्यंतही तिला दम धरवत नव्हता. ती खोलीत गेली आणि खाटेवर बसली.

"सरू, इकडं बघ," ती म्हणाली. "आजी दूध पिणार आहे. नीट बघ. पिऊन काही होत नसतं. मुलगा, मुलगी, त्याचा आणि दुधाचा काही संबंध नसतो. आजी उगीच म्हणायची. होय की नाही, आक्का?"

तिने आक्कांची मान हातावर घेतली आणि वाटी ओठांना लावली.

आक्कांनी वाटीतल्या दुधाकडे पाहिलं. मग श्यामलाकडे. मग पायाशी बसलेल्या सरूकडे, बराच वेळ. आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.

"घ्या, आक्का."

दात घट्ट बसले होते. दूध ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर, हनुवटीवरून गळ्याच्या सुरकुत्यांत उतरलं.

"आता मी सांगते आहे ना, घ्या. त्या दिवशी तुम्हीच मागत होतात. मी चुकले. आक्का, या पोरीसाठी तरी घ्या. पाया पडते तुमच्या."

आक्कांचे डोळे सताड उघडे होते. त्या नजरेत काय होतं, ते श्यामलाला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी ठरवता आलं नाही. गिळायची ताकद उरली नव्हती, की येणाऱ्या नातवासाठी त्या जपत होत्या, की एवढी एकच गोष्ट आता आपल्या हातात आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

"बघ, नाही प्यायली," सरू म्हणाली. तिला आजीचं कौतुक वाटत होतं. तिने आपला अर्धा भरलेला पेला उचलला, जरा विचार केला आणि तो खाटेखाली सरकवून दिला. "मग मलाही नको."

आक्का त्याच आठवड्यात गेल्या. गल्लीत पुष्कळ दिवस त्यांचं नाव निघत होतं. देह ठेवला पण नेम मोडला नाही, असं वकीलीणबाई येईल त्याला सांगत. सूनही तशीच, म्हणत. दुसरी असती तर चोरून पाजलं असतं.

सरूने त्या दिवसापासून दूध घेतलं नाही. ताकही नाही, भातावर तूपही नाही. श्यामलाने समजावलं, गोष्टी सांगितल्या, साखर घातली, केशर घातलं. माधव ओरडला. एकदा तर श्यामलाने तिचं नाक दाबून दूध घशात ओतलं. सरूने ते सगळं बाहेर काढलं आणि चूळ भरून आली.

"आजीचं राहिलंय, ते मी करते आहे," ती म्हणाली. "तू घाबरू नको, आई. या वेळी नीट होईल."

पोर वाळली. घावनं तेवढी खायची. श्यामला दिवस भरत आलेलं पोट सावरत पाट्यावर तांदूळ वाटी आणि वाटता वाटता अंबाबाईकडे मागणं मागे. तिच्या आसपासच्या कोणत्याही बाईने त्या देवीकडे जे कधी मागितलं नसेल, ते. मुलगी दे, ती म्हणे. आई, मुलगीच दे. तिला दिसू दे.

ज्येष्ठात तिला कळा सुरू झाल्या. धोंडुबाई आली. दुपार कलता कलता बाळ रडलं, आणि धोंडुबाईने त्याला दोन्ही हातांवर वर उचलून धरलं.

"पोरगा हाय, वयनी! पोरगा! आक्कासाब असत्या तर काय झालं असतं ओ!"

श्यामलाने आडवा हात डोळ्यांवर घेतला. धोंडुबाईला वाटलं, आनंदाने. तिने तिला रडू दिलं.

बाहेर माधवचा आवाज आला, कोणाला तरी हाक मारली गेली, पावलं वाजली. मग दार थोडं उघडलं आणि सरू उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. आत यायचं नाही, हे तिला सांगून ठेवलेलं होतं. ती मान लांब करून कापडात गुंडाळलेल्या बाळाकडे बघत राहिली.

"मुलगाच आहे ना? नक्की?" तिने विचारलं.

"व्हय की, माझ्या बाय. तुझा भाऊ न्हवं का त्यो," धोंडुबाई म्हणाली.

"सरू," श्यामलाने हाक मारली. "इकडं ये. सरू, ऐक माझं..."

पण ती उंबऱ्यावरून गेली होती. तिची पावलं माजघरातून स्वयंपाकघराकडे धावत गेली. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला, फळीवरून पेला ओढल्याचा आला. आणि मग श्यामलाला आत पडल्या पडल्या ऐकू येऊ लागलं, ती घटाघटा पीत होती, मधे श्वास घ्यायलाही न थांबता.